घरची बाळंतीण आणि गावची नर्सबाई



पंचायत समितीचा शेतीचा विस्तार अधिकारी म्हटला, की बियाणे, खते, फवारणी आणि अनुदानाचे अर्ज याखेरीज त्याच्या तोंडी दुसरे काही असायचे नाही, अशी आपली समजूत असते. ती चुकीचीही नाही. गेली तीस वर्षे मी तेच बोलत आलो आहे. आजचा विषय मात्र निराळा आहे. घरात सून किंवा लेक गरोदर असेल, तर नऊ महिने आणि बाळंतपणानंतरचे सहा आठवडे घरच्यांनी काय पाहावे, नर्सबाईंकडे केव्हा जावे आणि कोणत्या वेळी क्षणाचाही विलंब न लावता दवाखान्याची वाट धरावी, ते सांगायचे आहे.

मी डॉक्टर नव्हे. परभणीच्या कृषी विद्यापीठाचा बी. एस्सी. झालेला माणूस. मग हा नसता उद्योग कशाला, असे कोणी विचारील. त्याचे कारण आमच्याच घरात घडले आहे, म्हणून आधी तेच सांगतो.

पोळ्याच्या दिवसाची गोष्ट

साल १९९७. नोकरीला लागून मला दोन-अडीच वर्षे झाली होती. पोळ्यासाठी गावी गेलो. धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तिला आठवा महिना होता. पाय सुजले होते, हातातल्या बांगड्या रुतत होत्या, तोंडही सुजरे दिसत होते. दोन दिवसांपासून डोके दुखत होते. चुलीपुढून उठले की डोळ्यांपुढे काजवे चमकतात, असे ती आईला म्हणाली.

आई म्हणाली, "पहिलटकरीण हाय. सूज येतीच की." आजीने तर तोंड भरले म्हणजे पोरगाच होणार, असे सांगून टाकले. बहिणीने माझ्याकडे पाहिले. घरात शिकलेला मीच. मी म्हणालो, "उद्याचा पोळा होऊ दे. परवा तालुक्याला जाऊ."

त्याच दिवशी सकाळी मी आमच्या कपाशीत फिरून आलो होतो. पाने उलटून तुडतुडे मोजले होते आणि वडिलांना बजावले होते, "आजच फवारा. उद्यावर टाकू नका." कपाशीला उद्याचा दिवस चालत नव्हता आणि बहिणीला परवाचा चालणार होता. असा मी शिकलेला.

पोळ्याच्या दिवशी दुपारी बैलांच्या शिंगांना बेगड लावत होतो, तेवढ्यात घरातून आरडाओरड ऐकू आली. बहिणीला झटके आले होते. डोळे फिरले होते, दातखीळ बसली होती. कोणी कांदा फोडून नाकाशी धरला. कोणी म्हणाले, बाहेरचे आहे. अंगारा आणायला माणूस धावला. त्यात तासभर गेला. ओढ्याला पाणी होते आणि जीप पलीकडच्या गावातून आणायची होती. जिल्ह्याच्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत रात्र झाली. बहीण वाचली. बाळ वाचले नाही. मुलगी होती.

बहिणीचे नाव सासरच्या गावी नोंदलेले होते. ती माहेरी आल्याचे आमच्या गावच्या नर्सबाईंना कोणी कळवलेच नव्हते. महिन्याभराने त्या घरी आल्या. रागावल्या नाहीत. बहिणीची विचारपूस केली, रक्तदाब पाहिला आणि जाताना मला म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही कपाशीचं पान उलटून बघता ना? तसा बहिणीचा पाय एकदा दाबून बघायचा होता आणि मला निरोप धाडायचा होता. रक्तदाब बघायला दहा मिनिटं लागत नाहीत."

त्यांच्या या बोलण्याला मला उत्तर देता आले नाही. पुढे मी ज्या ज्या तालुक्यात गेलो, तिथल्या शेतीशाळेत आणि शेतकरी मेळाव्यात नर्सबाईंना आग्रहाने बोलावून त्यांना वेळ देऊ लागलो. खाली जे लिहिले आहे ते त्यांच्याकडून ऐकलेले आणि डॉक्टरांकडून पडताळून घेतलेले आहे.

आधी तारीख लिहून ठेवा

तुलना जनावराशी करतो म्हणून कोणी रागावू नये. गाय भरवली की आपण तारीख गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहितो. गाईचे दिवस साधारण २८० भरतात. बाईचेही, शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजले तर २८०च. पण ही तारीख किती घरांत लिहिलेली असते? पाळी चुकली की शेवटच्या पाळीची तारीख कॅलेंडरवर खूण करून ठेवावी. तिच्यात नऊ महिने आणि सात दिवस मिळवले की बाळंतपणाचा अंदाज येतो. १ जूनला पाळी आली असेल, तर ८ मार्चच्या आसपास.

नावाची नोंदणी पहिल्या १२ आठवड्यांतच करावी. 'चार लोकांत कळायला नको' म्हणून पाचव्या महिन्यापर्यंत थांबण्याची रीत सोडून द्यावी. नऊ महिन्यांत किमान चार तपासण्या व्हायला हव्यात. पहिली बाराव्या आठवड्याच्या आत, दुसरी चौथ्या ते सहाव्या महिन्यात, तिसरी सातव्या-आठव्या महिन्यात आणि चौथी नवव्या महिन्यात. शिवाय २०१६ सालापासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रियांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. त्या दिवशी कापूस वेचणीला एक बाई कमी पडली तरी चालेल, पण तपासणी चुकवू नये.

नोंदणी झाली की माता-बाल संरक्षण कार्ड मिळते. ते सातबाऱ्यासारखे जपावे. लेक माहेरी निघाली की कार्ड तिच्याबरोबर द्यावे, आणि ती आल्याचे माहेरच्या नर्सबाईंना किंवा आशाताईंना त्याच आठवड्यात कळवावे. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीला जाणाऱ्या कुटुंबांनीही कार्ड बोचक्यात सर्वांत आधी घालावे. आमची बहीण दोन गावांच्या दोन नर्सबाईंच्या मधल्या फटीतून निसटली होती. एवढ्या एका निरोपाने ती फट बुजली असती.

रक्तदाब आणि सूज

तपासणीत नर्सबाई वजन करतात, रक्तदाब पाहतात, लघवी आणि रक्त तपासतात, पोटावरून बाळाची वाढ पाहतात, त्याचे ठोके ऐकतात. धनुर्वाताची दोन इंजेक्शने चार आठवड्यांच्या अंतराने देतात. यांतले एकही काम शोभेचे नाही.

पाचव्या महिन्यानंतर काही स्त्रियांचा रक्तदाब वाढतो. पहिलटकरणीत, जुळे असताना आणि ज्यांच्या आईला किंवा बहिणीला असा त्रास झाला असेल त्यांच्यात हा धोका अधिक. रक्तदाब १४० वर ९० किंवा त्याहून जास्त भरला आणि लघवीतून प्रथिने जाऊ लागली, की धोक्याची घंटा वाजली असे समजावे. वेळीच उपचार झाले नाहीत तर झटके येतात. आमच्या घरी झाले ते हेच. त्यात बाहेरचे काही नव्हते.

सूज कशी ओळखावी? घोट्याच्या वर, नडगीच्या हाडावर अंगठ्याने थोडा वेळ दाबून धरावे. खळगा पडून तसाच राहिला, तर सूज आहे. दिवसभर उभे राहिल्यावर संध्याकाळी पायांवर थोडी सूज येते आणि रात्री पाय वर घेऊन झोपल्यावर उतरते. ती पुष्कळ जणींना येते. पण सकाळीही उतरत नसेल, हातांवर आणि तोंडावर येत असेल, तर त्याच दिवशी नर्सबाईंना दाखवावे. तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे किंवा अंधारी, बरगड्यांखाली पोटाच्या वरच्या भागात कळ, लघवी कमी होणे, यांपैकी काहीही झाले तर थेट दवाखाना. आणि एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. काही जणींना सूज मुळीच येत नाही, तरी रक्तदाब वाढलेला असतो. म्हणून पाय दाबून पाहणे हे राखणीचे काम झाले. खरे मोजमाप नर्सबाईंच्या यंत्राचेच.

झटका आलाच तर बाईला डाव्या कुशीवर वळवावे, आजूबाजूची टोचणारी वस्तू दूर करावी. दातांत चमचा घालू नये. पाणी पाजू नये. कांदा, चप्पल हुंगवत बसू नये. एकाने १०८ला फोन लावावा. यावरचे औषध ऐकून तुम्हांला नवल वाटेल. कपाशीवर लाल्या आला की आपण मॅग्नेशियम सल्फेट फवारतो ना? त्याच नावाचे, इंजेक्शनसाठी शुद्ध केलेले औषध झटके थांबवण्यासाठी जगभर वापरतात. त्याचा पहिला डोस देऊन रोग्याला मोठ्या दवाखान्यात पाठवण्याची पद्धत प्राथमिक आरोग्य केंद्रांतही आहे. खताच्या गोणीतल्या पुडीशी त्याचा काही संबंध नाही, हे सांगायला नकोच. पण ते इंजेक्शन बाईपर्यंत पोहोचायचे, तर बाई आधी तिथपर्यंत पोहोचली पाहिजे.

अंगात रक्त हवे

गरोदर बाईचे हिमोग्लोबिन ११च्या वर असावे. ७च्या खाली गेले तर तो तीव्र पंडुरोग. अशा बाईला मोठ्या दवाखान्यातच न्यावे लागते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. धाप लागणे, जीभ-नखे पांढुरकी पडणे, दोन पायऱ्या चढून बसावेसे वाटणे, याला आपल्याकडे 'गरोदरपणाचा आळस' म्हणतात. तो आळस नव्हे. पिवळ्या पडलेल्या पिकाला कोणी आळशी म्हणत नाही.

चौथ्या महिन्यापासून लोहाची गोळी रोज एक, अशा १८० गोळ्या पोटात जायला हव्यात. बाळंतपणानंतर पुन्हा १८०. गोळीने शौचास काळे होते. त्याला भिऊ नये. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर घ्यावी. गोळीबरोबर चहा घेऊ नये, लिंबू किंवा आवळा चालेल. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्यावी, दोन्ही एकत्र घेतल्या तर लोह नीट लागत नाही. जंताची गोळीही नर्सबाई चौथ्या महिन्यानंतर देतात.

आहाराबद्दल मी माझ्या अधिकारात बोलतो. परसात शेवगा, माठ, शेपू, लिंबू असावेच. मोडाची मटकी, हरभरा, शेंगदाणे, आणि चालत असेल त्या घरी अंडी-मासळी. ज्यांच्याकडे बाजरी होते त्यांनी 'धनशक्ती' या लोहाचे प्रमाण अधिक असलेल्या वाणाची चार तासे घरासाठी पेरावीत. पण भाजी-भाकरी कितीही चांगली असली तरी गोळीची जागा ती घेत नाही. शेणखत घातले तरी कमतरता दिसली की सूक्ष्म अन्नद्रव्य द्यावेच लागते, तसेच हे आहे. आणि सर्वांचे झाल्यावर उरलेसुरले खाण्याची रीत निदान हे नऊ महिने तरी मोडावी. सासूबाईंनी मनात आणले तर ती एका दिवसात मोडते.

आणखी एक गोष्ट, जी नर्सबाईंपेक्षा मीच सांगायला हवी. गरोदर बाईने कीटकनाशक कालवू नये, पंपाला पाणी घालू नये, फवारणीचे कपडे धुऊ नयेत, नुकत्याच फवारलेल्या रानात वेचणी-खुरपणीला जाऊ नये. औषधाचे रिकामे डबे घरात पाण्याला वापरणे तर कोणासाठीच नको.

बाळंतपण कोठे करावे

आपल्या सुईणींबद्दल मला आदर आहे. माझा स्वतःचा जन्म सुईणीच्याच हातचा. पण त्या माउलीच्या हातात कौशल्य होते, इंजेक्शन नव्हते.

बाळ बाहेर आले की गर्भाशय आवळले गेले पाहिजे. ते सैल राहिले की नळ सोडल्यासारखे रक्त जाते. कोणत्या बाईला असे होईल ते आधी सांगता येत नाही. नऊ महिने धडधाकट असलेल्या बाईलाही होते, आणि उपचार नसतील तर एवढ्याने दोन तासांत जीव जाऊ शकतो. अंगात मुळातच रक्त कमी असेल तर त्याहूनही लवकर. म्हणून बाळ जन्मल्यावर मिनिटभरात नर्सबाई मांडीत ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन देतात. गर्भाशय आवळते, वार नीट पडते आणि रक्तस्राव आटोक्यात राहतो. हे औषध थंड कपाटात ठेवावे लागते, ते घरी कोनाड्यात ठेवून चालत नाही. तसेच कळा वाढवण्यासाठी कोणा खासगी माणसाकडून घरी इंजेक्शन टोचून घेणे फार घातक. त्याने गर्भाशय फाटू शकते.

दुसरी गोष्ट स्वच्छतेची. १८४७ साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने नियम केला, की क्लोरिनच्या पाण्याने हात धुतल्याशिवाय बाळंतिणीला कोणी शिवायचे नाही. बाळंतज्वराने मरणाऱ्या स्त्रियांची संख्या त्यानंतर झपाट्याने उतरली. आपल्याकडे विळ्याने नाळ कापून तिच्यावर राख किंवा शेण लावण्याच्या चालीपायी किती बाळे धनुर्वाताने गेली, याची गणती नाही. गरोदरपणातली इंजेक्शने, नवे पाते आणि स्वच्छ हात यांनी तो प्रकार इतका आटोक्यात आला, की २०१५ साली माता व नवजात बाळांच्या धनुर्वाताचे भारतातून उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले. नाळेवर आजही काही लावायचे नाही. ती कोरडी ठेवायची, एवढेच.

सरकारी दवाखान्यात बाळंतपण, लागले तर सिझेरियनसुद्धा, औषधे, तपासण्या, रक्त, जेवण आणि जाण्या-येण्याची गाडी हे सारे मोफत देण्याची योजना २०११ सालापासून आहे. गाडीसाठी १०२ आणि तातडीच्या वेळी १०८ हे क्रमांक आहेत. तरीही उशीर होतो, तो कशाने? तीस वर्षांत मी पाहिले आहे. घरधनी बाजाराला गेलेला असतो. फोनमध्ये पैसे नसतात. 'मामंजींना विचारल्याशिवाय कसे न्यायचे' म्हणून बायका थांबतात. आणि गुरांना वैरण कोण घालील, धार कोण काढील, एवढ्यावरही तास जातो. म्हणून सातव्या महिन्यातच घरात बसून ठरवावे. कोणत्या दवाखान्यात जायचे, गाडी कोणाची, बरोबर कोण, रक्त लागले तर कोण देणार, मागे गोठा कोण सांभाळणार. पाऊसकाळात ओढ्याला पाणी येणारे गाव असेल तर तारखेच्या आधीच बाईला अलीकडे आणून ठेवावे. पेरणीआधी आपण तिफण, बियाणे, बैल जुळवून ठेवतोच ना?

पहिले दूध

गाय व्याली की वासराला चीक पाजण्याची आपण घाई करतो. चीक चुकला तर वासरू दगावते, हे शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. मग बाळाच्या आईचे पहिले, पिवळसर, घट्ट दूध 'खराब' म्हणून पिळून का टाकतात? ते बाळाचे पहिले लसीकरण आहे. जन्मल्यावर तासाभरात बाळ छातीशी धरावे. मध, गुळाचे पाणी, घुटी, साखरपाणी काहीही नको. सहा महिने फक्त आईचे दूध, वरचे पाणीसुद्धा नको.

बाळाला लगेच आंघोळ घालू नये, निदान पहिला दिवस जाऊ द्यावा. वजन अडीच किलोपेक्षा कमी असेल तर नर्सबाई सांगतील तेव्हाच घालावी. कोरडे पुसून, टोपडे घालून, आईच्या उघड्या छातीशी लावून वरून पांघरूण घालावे. कमी वजनाच्या बाळाला याहून चांगली ऊब दुसरी नाही.

घरच्या घरी एवढे नीट केले तर काय होते, ते आपल्याच महाराष्ट्राने जगाला दाखवले आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांतल्या स्त्रियांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. श्वास कसा मोजायचा, ऊब कशी द्यायची, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा, उपचार कसे करायचे. तिथले नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली हे 'लॅन्सेट' या इंग्लंडच्या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आले. आज आशाताई बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात, त्यामागे हेच काम आहे. सोयर-सुतक किंवा नजरेच्या भीतीने त्यांना ओसरीवरून परत पाठवू नका. बाळ त्यांच्या हाती द्या.

बेचाळीस दिवस

दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईने किमान ४८ तास तिथेच थांबावे. घरी आल्यावर डिंकाचे लाडू, अळिवाची खीर जरूर द्यावी. पण भाजी, वरण, फळे बंद करू नयेत आणि पाणी तर मुळीच तोडू नये. पाणी कमी प्यायले तर दूध कमी येते आणि बद्धकोष्ठही होतो. दारे-खिडक्या बंद करून आत कोळशाची शेगडी ठेवणे धोक्याचे आहे. त्या धुराचा विषारी वायू डोळ्यांना दिसत नाही, आणि माय-लेकरे झोपेतच गुदमरतात. शेक द्यायचा तर खोली हवेशीर ठेवून द्यावा.

थंडी वाजून ताप, अंगावरून घाण वासाचे जाणे, ओटीपोटात दुखणे, एकाच पायाची पोटरी सुजून दुखणे, ही लक्षणे दिसली तर दवाखाना गाठावा. झटके बाळंतपणानंतरच्या दिवसांतही येऊ शकतात. स्तन दाटून दुखत असेल तरी पाजणे थांबवू नये, पण ताप आला किंवा लाली-गाठ दिसली तर दाखवावे. आणि बाळंतीण सारखी रडत असेल, बाळाकडे पाहवत नसेल, झोप उडाली असेल, तर 'नखरे' म्हणू नये. तेही दुखणेच आहे, आणि त्यावर उपाय आहेत. पुढच्या मुलात निदान तीन वर्षांचे अंतर राहील, याचा सल्लाही याच दिवसांत नर्सबाईंकडून नवरा-बायकोने दोघांनी बसून घ्यावा.

गेल्या वर्षी

आमच्या बहिणीला पुढे एक मुलगी झाली. त्या वेळी सगळ्या तपासण्या केल्या, दवाखान्यात बाळंत झाली, काही त्रास झाला नाही. ती भाची गेल्या वर्षी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. एस. टी.तून उतरल्यावर बहिणीने आधी तिच्या पिशवीतले कार्ड काढले आणि दुसऱ्या दिवशी तिला उपकेंद्रावर नेले. आपल्याला पूर्वी झटके आले होते, हे नर्सबाईंना स्वतःहून सांगितले. असे काही घरात घडले असेल तर पहिल्याच तपासणीत सांगावे. डॉक्टर त्याप्रमाणे सुरुवातीपासून जपतात, औषधही देऊ शकतात.

पस्तिसाव्या आठवड्यात भाचीचा रक्तदाब १४४ वर ९२ भरला. सूज नव्हती, डोके दुखत नव्हते. नर्सबाईंनी त्याच दुपारी गाडी बोलावून तिला मोठ्या दवाखान्यात पाठवले. औषधे सुरू झाली, दोन आठवडे डॉक्टरांनी नजरेखाली ठेवले आणि सदतीस आठवडे भरल्यावर बाळंतपण केले. मुलगी झाली, २ किलो ६०० ग्रॅमची. मी बघायला गेलो, तेव्हा बहीण नातीला मांडीवर घेऊन बसली होती. जुन्या गोष्टीचा तिने शब्द काढला नाही, मीही काढला नाही.

एवढेच करा. खालचा मजकूर कापून घरात लावा. गाईच्या तारखा जिथे लिहिता, त्याच भिंतीवर लावला तरी चालेल.

याला उद्यावर टाकू नका

गरोदरपणी: अंगावरून रक्त जाणे, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे, हात-तोंडावर सूज, झटके, जोराचा ताप, बाळाची हालचाल कमी होणे, कळांशिवाय पाणी जाणे.

बाळंत होताना: बारा तासांहून अधिक कळा, बाळाचा हात, पाय किंवा नाळ आधी बाहेर येणे, अर्ध्या तासात वार न पडणे.

बाळंतपणानंतर: जाड घडीचे कापड भराभर भिजणे, चक्कर, हातपाय गार पडणे, ताप, घाण वासाचे जाणे, झटके.

बाळ: दूध न ओढणे, मलूल किंवा गार पडणे, मिनिटाला ६० किंवा अधिक श्वास, श्वास घेताना छाती आत ओढली जाणे, ताप, तळहात-तळपाय पिवळे होणे, बेंबीतून पू, झटके.

फोन: १०८ किंवा १०२. आपल्या नर्सबाईंचा आणि आशाताईंचा फोन नंबर खाली स्वतःच्या हाताने लिहून ठेवा.